ठिपक्याचं नाव काय?

दोस्तांनो, आईनं शहागंजहून आणलेल्या मोसंबीवर तांबूस, गोल ठिपके कधी पाहिलेत? डाग समजून फळ बाजूला ठेवू नका, आतल्या फोडींना काही झालेलं नसतं. भिंग घ्या आणि टाचणीनं एक ठिपका अलगद उचला. खाली चपटं, मऊ काहीतरी दिसेल. तो किडा आहे!

ही खवलेकीड. जन्मल्यावर तिला सहा पाय असतात. थोडं फिरून जागा पसंत पडली, सोंड खुपसली, की मुक्काम कायमचा. कात टाकताना पायही जातात. मग मेण आणि जुनी कात यांचं छप्पर करून ती त्याखाली रस पीत बसते. म्हणून ही चिलखती खवलेकीड. ऑर्किडवर तिची एक बहीण सापडते : मादी गोल, चपटी आणि नर पांढऱ्या कापसासारख्या पुंजक्यात. १८६९ मध्ये सिन्योरे यांनी बोआदुवाल या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाच्या नावावरून तिचं बारसं केलं.

आता सांगा, मादीला पाय नाहीत, पंख नाहीत, तर एक जात दुसरीपासून ओळखायची कशी? छपराच्या रंगावर जाल तर फसाल. शास्त्रज्ञ छप्पर काढतात, मादीला पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करतात, रंग देतात आणि शेपटीकडचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिथल्या कडेला बारीक दाते, झालरी आणि मेण सोडणारी छिद्रं असतात. जात ठरते ती त्यांवरून!

एवढा खटाटोप कशाला, असं बाबा विचारतील. त्यांना ही हकिकत सांगा. संत्र्या-मोसंब्यांवरच्या लाल खवलेकिडीला १८७९ मध्ये न्यूझीलंडच्या मास्केल यांनी नाव दिलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या बागा तिनं हैराण केल्या. तिला मारणारे मित्रकीटक शोधायला माणसं आशियात आली. पण लाल कीड समजून त्यांनी भलत्याच किडींवरचे कीटक पाठवले. १९३७ मध्ये मॅकेन्झी यांनी टोकं ताडून पाहिली, तेव्हा कळलं, की एकसारख्या दिसणाऱ्या या वेगवेगळ्या जाती आहेत.

घोटाळा एवढ्यावरच थांबला नव्हता. चीनमधली एक उपयोगी माशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हाती आली होती. पण 'ही तर आपल्याकडे आहेच' असं वाटून ती सोडून दिली. ती वेगळ्या जातीची होती! ती कॅलिफोर्नियात पोचली १९४७ मध्ये. चाळीसेक वर्षं वाया गेली, तीही नावाच्या चुकीपायी.

त्याहून सरस माशी १९५६-५७ मध्ये मिळाली आणि तीही आपल्या भारतातून आणि पाकिस्तानातून. डीबाक यांनी १९५९ मध्ये तिचं नाव ठेवलं ॲफायटिस मेलिनस. अंगानं मिलिमीटरभर. लाल किडीच्या छपराखाली ती अंडं घालते आणि तिची अळी त्या किडीलाच खाऊन टाकते.

तेव्हा भिंगातून बघताना एखाद्या ठिपक्याला बारीक गोल भोक दिसलं, तर तो उचलून पाहा. आत बहुधा कोणी नसेल. एखादी इवलीशी माशी जेवून निघून गेलेली असेल!