पोराची पडताळणी होते, एजंटची कोण करणार?

स्पष्टच लिहितो. लोह्यातल्या पोरानं पासपोर्ट काढायचा म्हटलं की पोलीस त्याचा पत्ता बघतात, गुन्हे तपासतात. चांगलंच आहे. पण ‘थायलंडला कॉम्प्युटरची नोकरी लावतो’ म्हणून पैसे घेणाऱ्या एजंटला कोण तपासतं?

१० आणि ११ मार्च २०२५ ला हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोटहून ५४९ भारतीय परत आणले. नोकरीचं आमिष दाखवून त्यांना सीमेपलीकडे म्यानमारात नेलं आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं होतं.

लोक म्हणतात, पोरांनाच हाव सुटली. अहो, सोयाबीनला भाव नाही, भरती निघत नाही, मग पोरानं बघायचं कुणाकडं?

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानं नोंदणीशिवाय परदेशी भरती करता येत नाही. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. ती बसस्टँडवर, तहसीलसमोर लावा. तक्रार आली की ‘पैशाचा व्यवहार आहे, आपसात मिटवा’ म्हणू नका, गुन्हा नोंदवा.

आणि पोरांनो, ‘आधी टुरिस्ट म्हणून जा, परमिट नंतर बघू’ असं कुणी म्हणालं, तर पैसे देऊ नका. सरळ पोलीस ठाणं गाठा.