वाटाण्याच्या अंकुरापासून ध्रुवताऱ्यापर्यंत

दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये कुंडीतला वाटाणा कॅमेऱ्यासमोर ठेवला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली. पडद्यावर अंकुर झरझर वाढताना पाहून पैसे देणारा तयार झाला, म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट घडला. आपला टाइम-लॅप्स इतका जुना!

आज हे काम मोबाइल करतो. दर 10 सेकंदांनी एक फोटो घेतला, तर तासाभराचे 360 फोटो सेकंदाला 24च्या वेगाने 15 सेकंदांत सरतात.

असे टिपायला सुरतकरांना डुमसच्या किनाऱ्यावरची भरती-ओहोटी हाकेवर आहे. तारे मात्र शहराच्या झगमगाटात बुडतात. त्यांच्यासाठी डांगचे जंगल, सापुतारा गाठावा. तिथे ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे 21 अंशांवर जवळजवळ स्थिर असतो आणि बाकीचे तारे त्याच्याभोवती तासाला 15 अंश फिरतात. पावसाळा सरल्यावरच्या पहिल्या अमावास्येला वाचकांनी ट्रायपॉड घेऊन जरूर निघावे.