दुबईस जाताना मुलांची शाळा

डाळ-तांदळाच्या व्यापारानिमित्त आपल्या समाजातील तरुण सहकुटुंब दुबईस जाऊ लागले आहेत. गाळा घेताना दहा वेळा हिशेब मांडणारी ही मंडळी मुलांची शाळा मात्र इमारत पाहून ठरवितात, याचे आम्हांस नवल वाटते. पोत्यातील दाणा हातावर घेतल्यावाचून आपण सौदा करीत नाही. मग येथेच घाई का?

आमच्या मते पहिला प्रश्न शाळेचा नव्हे, दहावीचा आहे. मूल त्या परीक्षेस कोठे बसणार? चार-पाच वर्षांत परतावयाचे असेल तर सीबीएसईचीच शाळा सोयीची. तिचे वर्ष इकडील सीबीएसई शाळांप्रमाणे एप्रिलात सुरू होते. ब्रिटिश पद्धतीच्या शाळांचे ऑगस्टअखेरीस, आणि त्यांची फीही बहुधा पुष्कळच अधिक. नववी झाल्यावर मंडळ बदलणे तर टाळावेच. नववी-दहावी हा तेथे दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम असतो.

केएचडीए हे दुबईचे सरकारी खाते खासगी शाळा तपासून त्यांची श्रेणी जाहीर करीत आले आहे. ती अवश्य पाहावी, पण साल पाहून; २०२४-२५ मध्ये काही नव्या शाळा सोडता पूर्ण तपासणी झालेली नाही. जुन्या नमुन्यावर नवा माल कोण घेतो!

अरबी तेथे सक्तीची आहे. तिचे ओझे मानू नये. पुढे बाजारात ती कामासच येईल. मराठी मात्र शाळेवर सोपवू नये. आजी-आजोबांनी दर रविवारी दूरध्वनीवर नातवंडांकडून एक पान वाचून घ्यावे. आम्ही घेतो, नातू ‘ळ’शी अजून अडखळतो.