आधी पायवाट, मग मेट्रो

घरापासून कामापर्यंत पायी जाता यावे, असे शहर उभारायची नगररचनाकारांची धडपड असते. भिवंडीत ते यंत्रमागांमुळे आपसूक घडले आहे. कारखान्याला लागूनच खोल्या, शेजारी खानावळ, पाळी संपली की कामगार चालत घरी. सुमारे 26 चौरस किलोमीटरच्या या शहरात 2011च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक माणसे होती. एवढ्या दाटीत पायी चालणे हेच खरे वाहन. पण धामणकर नाक्याला किंवा कल्याण नाक्याला चालून बघा. तुटक पदपथ, त्यावर लावलेल्या दुचाक्या, उघडे गटार, आणि खाली उतरावे तर अंगावर येणारा गोदामांचा कंटेनर. दप्तर सांभाळणारी मुले त्याच्या चाकाला खेटून जातात, हे मला पाहवत नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर 2018मध्ये झाले. स्थानकापर्यंत धड चालताच आले नाही, तर ती कामगाराच्या काय उपयोगाची? महापालिकेने आणि एमएमआरडीएने प्रत्येक स्थानकाभोवतीचे पदपथ मेट्रो धावण्याआधी पूर्ण करावेत, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी अवजड वाहने शहराबाहेरच थांबवावीत.