धडधाकट लॅपटॉप भंगारात कशाला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागत असल्याने कितीतरी धडधाकट लॅपटॉप निकामी ठरवले गेले. ते भंगारात देऊ नका, ही कळकळीची विनंती. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर चढवून त्यावरूनच संगणक सुरू करा. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते पाहता येते. तेवढेही धाडस होत नसेल तर व्हर्च्युअलबॉक्स घ्या. चालू विंडोजच्या पोटातच दुसरा संगणक उभा राहतो, आणि आधी स्नॅपशॉट घेतला असेल तर कितीही मोडतोड केली तरी मागच्या स्थितीत परतता येते. शिकणाऱ्या मुलांना याहून चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही. (मात्र त्यासाठी रॅम आठ जीबी तरी हवी.) रॅम चारच जीबी असेल तर मिंट थेट लॅपटॉपवर बसवा, आणि सिनॅमनऐवजी हलकी एक्सएफसीई आवृत्ती निवडा. मराठी टंकलेखनाची काळजी नको: आयबसमध्ये इनस्क्रिप्ट मिळते, उच्चारानुसार मांडणीही मिळते. खरी सावधगिरी मिंट बसवतानाच्या एकाच पडद्यावर हवी. डिस्क पूर्ण पुसण्याचा पर्याय निवडलात तर लग्नाचे फोटो, जमिनीची स्कॅन केलेली कागदपत्रे, सगळे जाईल. म्हणून आधी सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवा, दोन-चार फाइली उघडून पाहा, आणि मगच ‘इन्स्टॉल’ दाबा.