पुस्तक मिटवा, मग सराव सुरू होतो

जानेवारी उजाडला की आमच्या वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात दहावीची मुले हमखास विचारतात, "सर, पोर्शन संपला. आता काय करू?" बरीच वर्षे मी एकच उत्तर देत होतो : "पुन्हा वाच." हे उत्तर अपुरे होते, हे मला एका विद्यार्थिनीमुळे कळले.

तिची विज्ञानाची वही इतकी नेटकी होती की मी ती इतरांना दाखवत असे. पूर्वपरीक्षेत मात्र तिला ४० पैकी ११ गुण मिळाले. पेपर माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "सर, वाचताना सगळं येत होतं. अब्बा म्हणतात, नापास झालीस तर पुढं शाळा नाही." तिच्या कष्टात कसूर नव्हती. पण पुस्तक मिटवून लिहिण्याची वेळ तिच्यावर थेट परीक्षेतच आली होती. तशी सवय मी वर्गात लावलीच नव्हती. चूक माझी होती.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून, न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना 'येतंय' असे वाटणे आणि खरोखर येणे यांत हे अंतर असते. ते परीक्षेआधी वर्गातच उघडे पडले पाहिजे.

म्हणून आता माझ्या वर्गाची पहिली दहा मिनिटे कोऱ्या कागदाची असतात. फळ्यावर तीन प्रश्न : एक कालच्या धड्यावरचा, एक गेल्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा. पुस्तके बंद. वेळ संपली की पुस्तक उघडायचे आणि जे सुटले ते दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरायचे. या कागदाला गुण नाहीत, कुणाचे नाव पुकारणे नाही. घरी रोज टोमणे ऐकणारे मूल वर्गातही लाजले, तर ते शेजाऱ्याचे बघून लिहील आणि त्याला काय येत नाही ते मला कधीच कळणार नाही.

चुका तपासताना मी तीन प्रकार करतो : माहीतच नव्हते, माहीत होते पण आठवले नाही आणि प्रश्नच समजला नाही. पहिल्यासाठी पुन्हा शिकवावे लागते, दुसऱ्यासाठी सराव लागतो. तिसरा प्रकार आपल्या मुलांमध्ये मला फार दिसतो. घरी दखनी, शाळेत पुस्तकी मराठी. 'शास्त्रीय कारणे लिहा' म्हटले की मूल व्याख्या लिहून मोकळे होते. 'सहसंबंध ओळखा', 'सकारण स्पष्ट करा', 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' यांत नेमके काय मागितले आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. मी अशा शब्दांचा तक्ता भिंतीवर लावला आहे. प्रत्येक शब्दाचा अर्थ आधी मुलांच्या बोलीत बोलून घेतो, मग एकेक नमुना उत्तर फळ्यावर सगळे मिळून लिहितो. उर्दू माध्यमाच्या मुलांसोबत मराठीच्या पेपरसाठीही हीच पद्धत वापरता येते.

गणितात एकाच प्रकारची दहा उदाहरणे सलग देणे मी सोडले. वर्गसमीकरण, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता अशी मिसळून देतो. परीक्षेत उदाहरणावर धड्याचे नाव छापलेले नसते. कोणती रीत लावायची हे ओळखणे हाच निम्मा पेपर आहे.

आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण पेपर, तोही वर्गातच. एका खोलीत सहा माणसे आणि चालू टीव्ही असलेल्या घरी दोन तास शांत बसून लिहिणे शक्य नसते, हे आपण सगळे जाणतो. ४० गुणांच्या पेपरला १२० मिनिटे मिळतात. गुणामागे अडीच मिनिटे धरली तर १०० मिनिटांत लिहून होते आणि तपासायला २० उरतात. येणारा प्रश्न आधी, पण प्रश्नक्रमांक अचूक. अडलेल्या ठिकाणी जागा सोडून पुढे जायचे. हा हिशेब मुलांच्या हाताला बसायला चार-पाच पेपर लागतात.

अलीकडे परीक्षा आणि रमजान एकत्र येत आहेत. २०२५ मध्ये दहावीचे पेपर चालू असतानाच मार्चच्या सुरुवातीला रमजान लागला. रोजा ठेवायचा की नाही हे मुलाने आणि त्याच्या घराने ठरवावे; शिक्षकाने झोपेचा हिशेब मांडावा. तरावीहनंतर जागरण आणि सहरीला पुन्हा उठणे, असे असेल तर दुपारची झोप वेळापत्रकात लिहूनच द्यायला हवी. नवा धडा त्या दिवसांत नको, फक्त सराव. आणि परीक्षार्थी मुलीला इफ्तारच्या स्वयंपाकातून सुटी मिळावी, हे पालकसभेत स्पष्ट सांगायला हवे. मुलाला ती न मागता मिळते.

त्याच सभेत आणखी एक गोष्ट सांगावी. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीत अकरावीला प्रवेश मिळू शकतो, पुरवणी परीक्षाही होते. शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. 'नापास' या शब्दावर मुलीचे शिक्षण थांबवणाऱ्या घराला ही माहिती निकालाच्या आधी मिळाली पाहिजे. निकालाच्या दिवशी कुणी ऐकून घेत नाही.

त्या मुलीने उरलेले सहा आठवडे रोज कोऱ्या कागदावर लिहिले. पहिल्या दिवशी कागद जवळपास कोराच राहिला. ती चिडली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. ती पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली. तिच्या अब्बांशी मात्र मला दोनदा जाऊन बोलावे लागले. आज ती बारावीत आहे आणि शनिवारी आमच्याच वर्गात धाकट्यांचे कागद तपासते.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण पदवीचे शिक्षण घेत आहेत, काही शिक्षक झाले आहेत. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यासाठी द्या. लागते फारसे काही नाही : एक शांत खोली, एक घड्याळ, पाठकोरे कागद आणि मूल चुकले तरी त्याच्यावर न ओरडणारा एक मोठा माणूस.