निवड मंडळापुढे जाण्याआधी

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेचा निकाल लागला की अनेक मराठी मध्यमवर्गीय घरांत धावपळ सुरू होते. मुलगा उत्तीर्ण झालेला असतो, पेढे वाटून होतात आणि मग कोणीतरी जाणकार सांगतो की खरी परीक्षा अजून पुढेच आहे. लेखी परीक्षेला ९०० गुण आणि सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, म्हणजे एसएसबीच्या, मुलाखतीलाही तेवढेच ९०० गुण. हा हिशेब ध्यानात येताच वडीलधारी मंडळी शिकवणी वर्गाच्या शोधाला लागतात. पंधरा दिवसांत व्यक्तिमत्त्व घडवून देण्याची हमी देणाऱ्यांची वाण नाहीच. खुर्चीत कसे बसावे, हसावे किती, चित्र दाखवल्यावर कोणती कथा लिहावी, येथपर्यंत सारे काही तेथे पढवले जाते. एवढे करून मुलगा भोपाळला किंवा बंगळुरूला जातो आणि पुष्कळदा पहिल्याच दिवसाच्या चाळणीत गळून त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसतो. घरी मग दोन ठरलेली कारणे पुढे येतात. एक नशीब, आणि दुसरे म्हणजे मराठी मुलांना डावलले जाते. दोन्ही कारणे सोयीची आहेत, म्हणूनच मूळ दुखण्याकडे कोणी वळून पाहत नाही.

ही मुलाखत कशासाठी निर्माण झाली, हे आधी समजून घ्यायला हवे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्याला अनुभव आला की घराणे, शाळा आणि अल्पकाळची मुलाखत एवढ्यावर निवडलेले अधिकारी मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षणातच अपयशी ठरत आहेत. त्यातून १९४२ मध्ये तेथे नवी निवड मंडळे उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी भारतात डेहराडूनला त्याच धर्तीवर प्रायोगिक मंडळ सुरू झाले. उमेदवाराला काय माहीत आहे यापेक्षा तो प्रत्यक्षात कसा वागतो हे पाहायचे, हे या पद्धतीचे सूत्र. स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनादलांनी ती आपल्या गरजेनुसार विकसित केली. अधिकाऱ्याच्या अंगी असावेत असे १५ गुण निश्चित केले गेले. आकलन, नियोजन, सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, निर्णयाचा वेग, निर्धार, धैर्य हे त्यांतील काही. अस्खलित इंग्रजी हा गुण त्या यादीत नाही. विचार स्पष्टपणे मांडण्याची क्षमता मात्र आहे, आणि या दोहोंतील फरक आपल्याकडील पालकांना कोणीतरी एकदा नीट समजावून सांगायला हवा.

हे गुण तीन परीक्षक तीन वाटांनी शोधतात. या तीन वाटांना आपल्याच परंपरेतील नावे आहेत: मनसा, वाचा, कर्मणा. मानसशास्त्रज्ञ लेखी चाचण्यांतून मन वाचतो, मुलाखत घेणारा अधिकारी बोलणे ऐकतो, तर मैदानावरचा अधिकारी फळ्या, दोरखंड आणि अडथळे यांच्यामध्ये माणूस कसा वागतो ते पाहतो. शेवटच्या दिवशीच्या बैठकीपर्यंत तिघेही आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात. पढवलेला मुलगा अडतो तो येथे. चित्रावरच्या कथेत त्याचा नायक पुरातून अख्खे गाव वाचवतो, पण मैदानावर ओंडका उचलायची वेळ आली की कथालेखक सर्वांच्या मागे उभा असतो. शब्दचाचणीत ६० शब्द येतात आणि प्रत्येकाला १५ सेकंद मिळतात. प्रसंगचाचणीत ३० मिनिटांत ६० प्रसंग सोडवायचे असतात. पाठ केलेले उत्तर आठवून लिहायला सवडच राहू नये, अशी ही योजना आहे.

प्रत्यक्ष मुलाखतीचा पाया म्हणजे उमेदवाराने स्वतः भरलेला माहितीचा अर्ज. छंद, खेळ, शाळा-महाविद्यालयात सांभाळलेल्या जबाबदाऱ्या, कुटुंबाची माहिती असे त्याचे रकाने असतात. त्यावरून अधिकारी एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतो. दहावीपासूनचे गुण सांगा, कमी पडले तर का पडले, कोणते शिक्षक आवडले नाहीत, घरात तुमच्याकडे कोणते काम असते, मित्रांमध्ये भांडण झाले तेव्हा तुम्ही काय केलेत, एखादी सहल किंवा कार्यक्रम स्वतः आखला असेल तर त्यात काय बिनसले. छंदाच्या रकान्यात शोभेसाठी 'वाचन' लिहिणाऱ्याची तर तिसऱ्या उपप्रश्नालाच गाळण उडते.

सेनादलात जायचेच नाही, तर हे सारे कशाला वाचावे, असे एखाद्या पालकाला वाटू शकेल. परंतु हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९७३ मध्ये असा विचार मांडला की नोकरीसाठी माणूस निवडताना बुद्धिमापनापेक्षा त्या कामाला लागणारी क्षमता तपासावी. तो विचार पुढे उद्योगजगतात रुजला. आज पुण्या-मुंबईतील अनेक कंपन्यांच्या मुलाखतींत 'तुमचे गुण-दोष सांगा' या जुन्या प्रश्नाऐवजी 'अडचणीतून मार्ग काढल्याचा एखादा प्रसंग सांगा' असे विचारले जाते. प्रश्नाचा गणवेश तेवढा बदलला आहे.

आणि या एका प्रश्नापाशी आपली सुशिक्षित मुले गप्प होतात. सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते. 'तू फक्त अभ्यास कर' या चार शब्दांवर आपण मुले वाढवली. विजेचे बिल बाबा भरतात, आजीला रुग्णालयात आई नेते, बँकेतले काम काका करून आणतात, मामाच्या लग्नात सामानाची जोखीम नको म्हणून मुलाला पुस्तकासह आतल्या खोलीत बसवले जाते. परीक्षा जवळ आली म्हणून मैदान बंद होते, गणेशोत्सव मंडळात जाणे तर कायमचेच बंद होते. प्रबोधिनीत साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात दाखल व्हावे लागते. त्या वयापर्यंत ज्याने एकही निर्णय घेतलेला नाही, त्याला 'निर्णयाचा प्रसंग सांगा' म्हटल्यावर त्याने सांगावे तरी काय? प्रेमापोटी केलेले हे नुकसान आहे, पण नुकसानच आहे.

याच्या नेमके उलट चित्र खेड्यांत आणि छोट्या दुकानदारांच्या घरांत दिसते. तेथील मुलाने रात्रीची पाण्याची पाळी सांभाळलेली असते, ऊसतोडीच्या टोळीशी बोलणी केलेली असतात, वडील आजारी असताना महिनाभर दुकान चालवलेले असते. पण हे सांगण्याजोगे आहे, असे त्याला कोणी कधी म्हटलेलेच नसते. जबाबदारीच्या रकान्यात तो रेघ मारतो आणि जिल्हास्तरीय वक्तृत्व स्पर्धेचे प्रमाणपत्र शोधत बसतो.

भाषेची एक सवयही आड येते. 'कार्यक्रम झाला', 'वर्गणी जमली', 'आम्ही सर्वांनी मिळून केले' अशा वाक्यांत आपण विनय जपतो. समाजात काम करताना हा विनय भूषणावह आहे. परीक्षकाला मात्र सर्वांनी काय केले ते नको असते, समोर बसलेल्याने काय केले ते हवे असते. रक्तदान शिबिराची परवानगी कोणी काढली, ऐन वेळी डॉक्टर आले नाहीत तेव्हा दूरध्वनी कोणी केला, हे त्याला ऐकायचे असते. जे स्वतः केले ते 'मी केले' असे सांगण्यात अहंकार नाही आणि इतरांनी केले ते आपल्या नावावर न घेण्यातच प्रामाणिकपणा आहे. हे दोन्ही एकाच वाक्यात साधणे सरावाने जमते.

तो सराव घरी, एका साध्या वहीत होऊ शकतो. मागील तीन-चार वर्षांतील आठ-दहा प्रसंग लिहावेत. परिस्थिती काय होती, त्यात आपल्यावर काय सोपवले होते, आपण काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, या क्रमाने. पहिल्या दोन भागांना दोन-दोन वाक्ये पुरतात, भर कृतीवर हवा. त्यांत एक तरी फसलेला प्रसंग असावा, कारण अपयश विचारले जातेच. मग घरातील कोणीतरी समोर बसून 'बरे, मग तू काय केलेस?' हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा. चार वेळा विचारूनही जो प्रसंग तग धरतो, तो खरा. लेखी चाचण्यांत स्वतःविषयी लिहिताना आई-वडील, शिक्षक आणि मित्र यांचे आपल्याविषयीचे मतही मांडावे लागते. ते आधी त्यांनाच विचारावे, आणि पालकांनी त्या दिवशी कौतुक थोडे बाजूला ठेवून उत्तर द्यावे.

शिकवणी वर्ग सर्वथा निरुपयोगी आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चाचण्यांचे स्वरूप आधी ठाऊक असले की भीती जाते. पण छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था राज्य शासनाने १९७७ मध्ये काढली, ती अकरावी-बारावीची दोन वर्षे मुलांना तेथेच ठेवून घडवण्यासाठी. पहाटेची धाव, मैदान, अभ्यास, सहनिवास आणि रोज कोणते तरी काम अंगावर. मराठी मुले अधिकारीपदापर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत, हे तेव्हाच ओळखले गेले होते आणि त्यावरचा उपाय पंधरा दिवसांचा ठरवला गेला नव्हता.

२०२२ पासून प्रबोधिनीत मुलीही दाखल होऊ लागल्या. १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये तेथून बाहेर पडली. मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये स्वतंत्र सेवापूर्व संस्थाही उघडली आहे. ज्या घरांत भावाला 'फक्त अभ्यास कर' म्हणून सांगितले जाते, त्याच घरांत बहिणीकडे मात्र आजीची औषधे, पाहुण्यांची सरबराई आणि धाकट्याचा अभ्यास अशी सारी कामे असतात. माहितीच्या अर्जातील जबाबदारीचा रकाना भरताना तिला कोणाला विचारावे लागणार नाही.